अठ्ठेचाळीस भोकं

बागेतलं रॉकेट उलटं फिरतं, हे मोठ्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलांच्या येतं. रांगेत कंटाळलेलं एखादं सात-आठ वर्षांचं पोर आधी रॉकेटकडे बघतं, मग शेजारच्या घोड्यांच्या चक्राकडे, मग पलीकडच्या फिरत्या कपबशांकडे, आणि शेवटी कठड्यावर हनुवटी टेकवून रॉकेटवाल्या ताईला विचारतं, की बाकी सगळी चक्रं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात, मग हे एकटंच असं का.

चौतीस वर्षांत ताईने या प्रश्नाची इतकी उत्तरं दिली होती की तिची तिलाच आठवत नव्हती. रॉकेट डावखुरं आहे. ते चंद्रावर जाऊन आलंय, आता परतीच्या वाटेवर आहे. उजवीकडे फिरवलं तर पोटातलं जेवण बाहेर येतं. एका फारच चिकट पोराला तिने, मोठा झालास की सांगेन, असं म्हणून वाटेला लावलं होतं. तो पठ्ठ्या खरोखरच मोठा होऊन, दाढीबिढी राखून, स्वतःच्या मुलीला घेऊन उत्तर मागायला आला. तेव्हा मात्र ताईला कबूल करावं लागलं, की खरं उत्तर तिलाही माहीत नाही.

आणि हे तिला डाचत होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय आणि कुठलं अजून सहा महिने रेटेल हे ती सांगायची. तीन नंबरचं रॉकेट उतरताना हलका धक्का देतं, नऊ नंबर इतरांपेक्षा वीतभर वर जातं आणि म्हणून सरावलेली पोरं नऊसाठी भांडतात, हे तिला स्वतःच्या लेकरांच्या खोड्यांसारखं तोंडपाठ होतं. ते फिरतं कसं, हे तिला नटबोल्टांसकट ठाऊक होतं. असं का फिरतं, एवढंच ठाऊक नव्हतं.

यंत्र तसं साधं. मधे खांब, त्याला छत्रीच्या काड्यांसारखे बारा दांडे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला दोघांपुरतं एक रॉकेट. बसणाऱ्याच्या पुढ्यात एक कांडी. ती ओढली की हवेच्या दाबाने दांडा वर जातो, ढकलली की खाली येतो. याहून उंच आणि याहून वेगवान यंत्रं ढिगाने आहेत, पण तिथे माणसाला करकचून बांधतात आणि पुढे काय ते यंत्रच करतं. इथे कांडी आपल्या हातात. पहिल्या फेरीत सगळे शहाण्यासारखे खालीच असतात. दुसऱ्या फेरीत कुणीतरी भीत भीत कांडी ओढतं, अंग बाहेरच्या बाजूला झुकतं, शेजारी बसलेली आत्या नाहीतर मोठा भाऊ चेंगरतो, आणि एकदम झाडांच्या शेंड्यांवरून बेकरीचं धुराडं, शाळेची गच्ची आणि गच्चीवर वाळत घातलेली सतरंजी दिसायला लागते. चार फेऱ्या वर काढल्या की हवा सुटल्याचा मोठा सुस्कारा येतो आणि जमीन लागते. उतरलेलं पोर दोन पावलं वाकडी टाकतं आणि पुन्हा रांगेत जाऊन उभं राहतं.

भानगड एकच होती. रॉकेटांची दारं आतल्या बाजूला, खांबाकडे होती. बाहेरून सरळ चढायची सोयच नाही. दोन रॉकेटांमधल्या फटीतून आत शिरायचं, दांड्याखालून वाकायचं, मग दार. "वाका, वाका, वाका" असा ताईचा दिवसभर जप चाले. ती स्वतः मात्र नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी वाकायचं विसरली होती. त्याची खूण डाव्या भुवईच्या वर अजून आहे. नवराही तिला असाच भेटला. तो घड्याळं दुरुस्त करणारा. भाचीला घेऊन आला होता, आणि जन्मभर काटे उजवीकडे फिरवलेला तो माणूस उतरल्यावर हे उलटं प्रकरण समजून घेण्यासाठी खांबाकडे टक लावून बघत निघाला. दांडा थेट कपाळावर. ताईने ओला रुमाल दिला. दुसऱ्या दिवशी तो रुमाल परत करायला आला. तिसऱ्या दिवशी परत करण्यासारखं काही नव्हतं, तरी आला.

ताईला हे सगळं काम शिकवलं ते थोरल्या मिस्त्रींनी. ते बागेचे पहिले मिस्त्री. पेट्यांमधून सुटं सुटं आलेलं हे रॉकेट सदतीस वर्षांपूर्वी त्यांनीच उभं केलं, ताईच्या येण्याच्या तीन वर्षं आधी. वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि नवीन माणूस आला की त्याला आधी तो फोटो दाखवतात. ताई तिकिटं फाडायला लागली होती, एकोणीस वर्षांची होती. ती सारखी हे काय, ते कसं असं विचारायची, म्हणून मिस्त्रींनी तिला उचलून वर्कशॉपमध्ये नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी पाना कसा धरायचा हेसुद्धा शिकवलं नाही. तीन तारा समोर धरल्या आणि म्हणाले, यातल्या कुठल्याही दोन एकमेकींच्या जागी लाव, मोटर उलटी फिरेल. हे विसरलीस तर बाकी सगळं शिकून फुकट. असं त्यांनी तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. एरवी इतके मवाळ मिस्त्री या एका गोष्टीवर एवढे का तापतात, याचं तिला तेव्हा नवल वाटलं होतं.

रॉकेटच्या मोटरची पेटी मात्र ते कुणाला उघडू देत नसत. किल्ली त्यांच्याच खिशात. निवृत्त होताना त्यांनी ती ताईच्या हातात दिली आणि शक्यतो उघडू नकोस म्हणून बजावलं.

या वर्षी रंगकाम निघालं आणि ताईने सगळा जुना रंग खरवडून काढायचं ठरवलं. ते काम तिला फार आवडलं. लाल रंगाखाली निळा निघाला, पांढऱ्या चांदण्यांचा. त्याखाली करडा, त्यावर दात. आठ महिनेच टिकलेल्या एका मॅनेजरला रॉकेटांचे मासे करायची हुक्की आली होती, त्याची ही शिल्लक. मग पिवळा. सगळ्यांत खाली चंदेरी, पेटीतून आला तेव्हाचा. आणि चंदेरीच्याही खाली, प्रत्येक रॉकेटच्या तळाशी, चार बोल्टांच्या शेजारी चार गोल डाग. भोकं वेल्डिंगने बुजवून घासून सपाट केलेली होती. बारा रॉकेटं, चार-चार डाग, बोल्टांच्याच ठेवणीत पण उलटे. म्हणजे रॉकेटं कधीतरी उलट दिशेला तोंड करून बसवलेली होती.

ताईच्या डोक्यात भुंगा शिरला. तिने खांबाचा बुडखाही खरवडला, तर तिथे बनवणाऱ्याची पत्र्याची पाटी सापडली. हौसेने तिने ती घासूनपुसून आरशासारखी लख्ख केली. पाटीवर बाण होता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

तिने ती पाटी चमकवली नसती तर पुढचं काही झालं नसतं. दोन दिवसांनी सरकारी तपासनीस वर्षाची तपासणी करायला आला. हा नवीन बदलून आलेला, हळू चालणारा आणि त्याहून हळू बोलणारा माणूस. त्याने पाटी बघितली, फिरणारं रॉकेट बघितलं, पुन्हा पाटी बघितली. मग मॅनेजरला आणि ताईला उभं करून त्याने सांगितलं, की पाटी एक म्हणते आणि यंत्र दुसरंच करतं. हा बदल कुणी केला, का केला, हे करणाऱ्याच्या सहीने आठ दिवसांत लिहून द्यायचं. नाहीतर रॉकेट बंद. ताईने विचारलं, की तारा बदलून आणि रॉकेटं पुन्हा फिरवून पाटीप्रमाणे केलं तर? तो म्हणाला, त्यासाठी तळाला तिसऱ्यांदा भोकं पाडावी लागतील, आणि एवढी चाळण झालेल्या पत्र्यात मी माणसं बसू देणार नाही.

मॅनेजरला फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्याच्या टेबलावर नव्या यंत्राचं रंगीत पुस्तक पडलेलंच होतं. त्यात माणसांना उलटं टांगत होते. रॉकेट बंद पडलं तर ते भंगारात जाणार, हे त्याने तोंडाने सांगायची गरज नव्हती.

थोरले मिस्त्री आता एक्याऐंशी वर्षांचे. लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. खिडकीच्या फळीवर काचेच्या बरण्या, बरण्यांत आकारानुसार लावलेले स्क्रू. इमारतीत कुणाचं कुलूप अडलं की ते मिस्त्रींकडेच यायचं. ताईने सगळी हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं आणि जरा जास्तच पटकन उत्तर दिलं. म्हणाले, वाऱ्यामुळे. बागेत वारा ज्या बाजूने येतो त्यासमोर यंत्राला जोर पडू नये, म्हणून दिशा बदलली. तसं लिही, मी सही करतो. ताईला हायसं वाटलं. तिने ते पेन्सिलने कागदावर टिपून घेतलं.

घरी आल्यावर तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने डोळ्यावरचं भिंग न काढता डब्याचं एक झाकण टेबलावर फिरवलं आणि त्याच्यावर एका बाजूने फुंकर मारली. ताई बघत राहिली. गोल फिरणाऱ्या वस्तूला अर्धा वेळ वारा तोंडावर आणि अर्धा वेळ पाठीवर, मग ती डावीकडे फिरो की उजवीकडे. एवढी साधी गोष्ट मिस्त्रींना कळली नसेल? ज्यांनी तिला अक्कल शिकवली त्यांना? म्हणजे ते खोटं बोलले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. याचं तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटण्यापेक्षा कुतूहलच जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाग उघडायच्या आत, तिने पेटी उघडली. मोटर मधे एकदा बदललेली होती, तारा मात्र जुन्याच होत्या. तिघींपैकी दोघींना लाल दोरा बांधलेला, एकीला एक गाठ आणि दुसरीला दोन गाठी. मोटर काढून पुन्हा बसवताना त्या चुकूनही बदलू नयेत, म्हणून केलेल्या खुणा. कुणीतरी अगदी निगुतीने ते यंत्र उलटं ठेवलं होतं.

संध्याकाळी ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली आणि दोऱ्याबद्दल बोलली. वाऱ्याचा विषय काढलाच नाही. मिस्त्रींची लेक चहा ठेवायला आत गेली. मिस्त्री बरणीतले स्क्रू हलवत बसले.

"पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तीन तारांतल्या कुठल्याही दोन बदलल्या की मोटर उलटी फिरते."

"मला ते ठाऊक नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

ताईला आधी अर्थच लागला नाही. मिस्त्रींना एखादी गोष्ट ठाऊक नसेल, हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर ते थांबले नाहीत.

ते मूळचे बसच्या बॉड्या बांधणारे. पत्रा आणि लोखंड हा त्यांचा प्रांत, विजेचं काम दुसऱ्याचं. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी वीज आली. तारा जोडणाऱ्याने मोटर फिरते एवढं बघितलं आणि सायकलवर टांग मारून तो पुढच्या कामाला गेला. मिस्त्रींनी खटका दाबला. रॉकेटं फिरायला लागली, शेपटी पुढे आणि नाक मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाहुणे येणार. मिस्त्रींच्या लेखी मोटर फिरते तशी फिरते, नदी वाहते तशी वाहते. तिला वळवता येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायचं कसं हेही सुचलं नाही. मग जे येत होतं ते त्यांनी केलं. बाराही रॉकेटं उतरवली, उलटी केली. बोल्टांची ठेवण पुढे जवळ आणि मागे लांब, त्यामुळे जुनी भोकं जुळेनात. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत अठ्ठेचाळीस भोकं नव्याने पाडली, जुनी बुजवली, वरून रंग मारला. दारं आत गेली ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनी पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी होड्यांच्या तळ्यावरचा पंप उलटा फिरू लागला. पंपवाला आला. त्याने दोन तारा काढल्या, एकमेकींच्या जागी लावल्या, पंप सुलट. पाच मिनिटंही लागली नाहीत. मिस्त्रींनी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच. मिस्त्री होड्यांच्या शेडमागे जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"छत्तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मी त्या रॉकेटात पुन्हा बसलो नाही. भिंतीवर फोटो लावलाय त्या लोकांनी. वाराच लिही."

ताई म्हणाली, की जे माझ्या नवऱ्याला डब्याच्या झाकणावर कळलं ते तपासनिसाला कळणारच. मग रॉकेटही जाईल आणि खोटेपणाही पदरात पडेल. मिस्त्रींचा चेहरा इतका उतरला होता की ताईला त्यांच्याकडे बघवेना. या माणसाने आपल्याला उभं केलं आणि आपण इथे त्याला उघडं पाडायला बसलोय, असं तिला झालं. कागद घडी घालून उठावं असं मनात आलं. पण उठायच्या आधी तिने एक गोष्ट सांगितली, जी तिलाही त्याच क्षणी सुचली होती.

"मिस्त्री, तुम्हाला तेव्हा ते माहीत असतं ना, तर दारं बाहेरच राहिली असती. कुणाला वाकावं लागलं नसतं. ह्यांचं कपाळ फुटलं नसतं आणि माझं लग्न झालं नसतं."

मिस्त्रींनी वर बघितलं. "म्हणजे तेही माझ्याच माथी?"

"दोन्ही मुलंसुद्धा."

आतून लेकीचं हसू ऐकू आलं. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांनी हात पुढे केला आणि पेन मागितलं. वाकड्या अक्षरांत त्यांनी एकच ओळ लिहिली: दोन तारा बदलल्या की मोटर उलटी फिरते हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी बारा रॉकेटं उलटी बसवली. खाली सही केली. मग सही नीट आली नाही म्हणून शेजारी पुन्हा एकदा केली.

तपासनिसाने तो कागद दोनदा वाचला. ताईला वाटलं आता हा हसणार, आणि हसला तर काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. तो हसला नाही. त्याने कोट काढून कठड्यावर टाकला, मापं घेतली आणि तो पहिल्या रॉकेटच्या खाली शिरला. जेवणाची सुट्टी गेली, घोड्यांचं चक्र दहा-वीस वेळा फिरून थांबलं, तरी हा एकेका रॉकेटखाली आडवा. ताई दिवा धरून सोबत. शेवटच्या रॉकेटखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत चंदेरी रंगाचा चुरा होता.

"अठ्ठेचाळीस भोकं आहेत," तो म्हणाला. "एकही अर्धा मिलिमीटर हललेलं नाही. हाताने पाडली?"

ताई म्हणाली, एका दुपारीत.

त्याने मंजुरीवर सही केली. नवी पाटी लावायची, बाण खऱ्या दिशेचा काढायचा, एवढीच अट घातली. पाटी ताईच्या नवऱ्याने कोरली. उलटा बाण कोरताना हात वळत नाही म्हणून तो दोन संध्याकाळी कुरकुरत होता. मॅनेजरने रंगीत पुस्तक खणात टाकलं. तो कागद मात्र वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी वाचला. फोटो काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट दोघंजण रॉकेटखाली जाऊन भोकं बघून आले.

नव्या रंगाची रॉकेटं सुरू झाली त्या रविवारी मिस्त्री लेकीचा हात धरून आले. बागेत शिरताना ते खालीच बघत होते. वर्कशॉपमधला वेल्डर पुढे येऊन नमस्कार करून गेला तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. ताईने त्यांना नऊ नंबरमध्ये बसवलं. दांड्याखालून वाकायला त्यांना वेळ लागला, आणि रांगेतल्या कुणीही घाई केली नाही. पहिली फेरी ते खालीच राहिले. दुसऱ्या फेरीत त्यांनी कांडी ओढली, ती शेवटपर्यंत सोडलीच नाही. सगळी रॉकेटं खाली यायला लागली तरी नऊ नंबर वरच. शेवटी ताईलाच हवा सोडावी लागली. उतरले तेव्हा त्यांचे पांढरे केस सगळे एका बाजूला झाले होते. ते कठड्याजवळच्या बाकावर बसले आणि शाळेची गच्ची तेव्हा नव्हती, असं म्हणाले.

पुढच्या फेरीची मुलं आत सोडायला ताईने फाटकावर हात ठेवला. रांगेतली पहिली मुलगी घोड्यांच्या चक्राकडे बघत होती. तिने मग रॉकेटकडे बघितलं, मग ताईकडे.

"हे एकटंच उलटं का फिरतं?"

डावखुरं आहे, असं ताईच्या तोंडात आलंच होतं. पण बाकावरून मिस्त्री उठले.

"माझी चूक झाली होती," ते म्हणाले. "मला तारा बदलता येत नव्हत्या."

मुलीने त्यांच्याकडे नीट बघितलं, एका बाजूला झालेल्या केसांसकट.

"बरं," ती म्हणाली. "नऊ नंबर रिकामं आहे का?"

मिस्त्रींनी ताईच्या हाताखालचं फाटक स्वतः उघडलं.

"आहे," ते म्हणाले. "जा. पण वाकून."